खाकीची तयारी: किती खर्च, कधी आणि कशावर

आठवीतल्या मुलाला किंवा मुलीला पुढे पोलिसात जायचं असेल, तर दहावी होईपर्यंत घरच्यांचा खर्च एक जोडी चांगले बूट आणि दोन वेळचं पोटभर जेवण याच्या फार पुढे जाऊ नये. वर्ध्यातल्या बऱ्याच पालकांना हे खोटं वाटेल. जून लागला की बजाज चौकापासून आर्वी नाक्यापर्यंत जिथं पाहावं तिथं खाकीतल्या तरुणांचे फोटो असलेले फलक लागतात. ‘आठवीपासून फाउंडेशन’, ‘निवासी डिफेन्स स्कूल’, ‘अकरावी-बारावीसह पोलीस भरती’. सेलूकडचा एक शेतकरी बाप मला म्हणाला, “सर म्हन्ते, आतापासून टाका, नाहीतर पोरगं मांगं पडते.” पोरगं तेरा वर्षांचं आणि भरतीचं किमान वय अठरा. मधल्या पाच वर्षांत ते नेमकं कोणाच्या मागे पडणार होतं, हे सरांनी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून आधी शेवटचं टोक पाहू, मग मागे येऊ. महाराष्ट्र पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते. वय खुल्या गटात १८ ते २८, मागास प्रवर्गात ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात निम्मे गुण मिळवणाऱ्यांमधून गुणवत्तेनं एका जागेमागे दहा जण लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, दीड तासाची: गणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. लेखीत किमान ४० टक्के हवेत. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांवर, म्हणजे ढोबळ मानानं जागेमागे शंभर. या सगळ्या नियमांत ‘शाळेत कोणता पोलीस कोर्स केला’ असा रकाना कुठेही नाही.

शाळेत फुकट मिळणारं

शाळेच्या वयात खाकीची खरी ओळख करून देणाऱ्या गोष्टी दोन, आणि दोन्ही सरकारी आहेत.

पहिली एनसीसी. १९४८ च्या कायद्यानं सुरू झालेली ही छात्रसेना वर्ध्यात २१ महाराष्ट्र बटालियन चालवते. शाळेतल्या ज्युनिअर डिव्हिजनसाठी वय १३ पासून साडेअठरापर्यंत चालतं. बहुतेक शाळा आठवीत निवड करतात आणि दोन वर्षांनी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. त्यासाठी ७५ टक्के हजेरी आणि एक वार्षिक शिबिर लागतं. प्रवेशाला फी नाही. गणवेश किंवा त्याचा भत्ता सरकारचा, शिबिरातलं राहणं-जेवण सरकारचं. पालकांच्या खिशातून जातं ते बारीकसारीक: मच्छरदाणी, बादली-मग, साबण, बुटांची पॉलिश, बॅगेचं कुलूप. दहा दिवसांच्या पहिल्या शिबिराची ही खरेदी हजाराच्या आत बसते, आणि घरातलीच वळकटी दिली तर त्याहून कमी.

यात एक खाच आहे. काही खासगी शाळांतली एनसीसी ‘पूर्ण स्वयंअर्थसहाय्यित’ योजनेत असते. तिथं प्रशिक्षणाचा खर्च संस्थेनं करायचा असतो, आणि संस्था तो फीमध्ये घालून पालकांकडून घेते. बेकायदा काही नाही, पण प्रवेशाआधी विचारा: युनिट सरकारी खर्चाचं की संस्थेच्या? एनसीसी सांभाळणाऱ्या शिक्षकांना, म्हणजे एएनओंना, हे माहीत असतं.

दुसरी गोष्ट स्टुडंट पोलीस कॅडेट, म्हणजे एसपीसी. ही कल्पना केरळची. २०१० मध्ये तिथं १२७ शाळांत ती सुरू झाली, आणि केंद्रानं जुलै २०१८ मध्ये गुरुग्राममधून ती देशभर नेली. आठवी-नववीच्या मुलांसाठी. विषय दोन भागांत: गुन्हे प्रतिबंध आणि नियंत्रण, आणि मूल्यं व नीती. वाहतूक, सायबर फसवणूक, महिला-बालकांची सुरक्षितता, व्यसन असे धडे त्यात येतात. केंद्राच्या आखणीत याला नेमलेलं पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, महिन्यातून एक तास आहे. शाळेला शैक्षणिक साहित्य, प्रशिक्षण आणि किरकोळ खर्चासाठी ५०,००० रुपये मिळतात. मुलाकडून काही घ्यायचं नसतं. तेव्हा कोणी ‘एसपीसीची फी’, ‘एसपीसीचं पुस्तक’, ‘एसपीसीची परीक्षा’ म्हणून पैसे मागितले, तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा.

आणि एसपीसीकडून नोकरीची अपेक्षा ठेवू नका. भरतीत त्याला गुण नाहीत. त्याचा फायदा वेगळा आहे: पोलीस ठाण्यात आत जाऊन स्टेशन डायरी कशी लिहितात, वायरलेसवर काय बोलतात, रात्रीच्या ड्युटीवरचा हवालदार कधी जेवतो, हे चौदाव्या वर्षी दिसतं. ते पाहून दोन-चार मुलांचा बेत बदलला, तर पालकांचे लाखभर रुपये वाचले म्हणायचे.

शाळांतून आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल), एमसीसी (महाराष्ट्र छात्रसेना) आणि स्काऊट-गाइडही चालतात. शिस्त आणि मजा दोन्ही आहे. गणवेश बहुधा पालक शिवतात. शिपाई भरतीत त्यांचा थेट उपयोग नाही.

एनसीसीचा मात्र आहे, पण कुठल्या प्रमाणपत्राचा हे नीट समजून घ्या. कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी कॉन्स्टेबल परीक्षेत, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ वगैरेंच्या भरतीत, ‘ए’ला २ टक्के, ‘बी’ला ३ आणि ‘सी’ला ५ टक्के वाढीव गुण मिळतात. परीक्षा १६० गुणांची, म्हणजे शाळेत फुकट मिळवलेलं ‘ए’ तीन गुणांहून जास्तच देऊन जातं. राज्याच्या पोलीस भरतीत भाव आहे तो ‘सी’ला. ‘सी’ मिळतं सीनिअर डिव्हिजनमध्ये, ‘बी’नंतर, तिसऱ्या वर्षी. म्हणून दहावीनंतर कॉलेज निवडताना इमारत आणि बस थांबा पाहता, तसं तिथं एनसीसीचं सीनिअर युनिट आहे का आणि जागा किती, हेही पाहा. मोफत वस्तूंमध्ये इतकी दामदुप्पट किंमत असलेली दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

पैसे भरण्याआधी तपासण्या

कोणत्याही ॲकॅडमीचा उंबरा ओलांडण्याआधी मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि रंगआंधळेपणाची तपासणी मागून घ्या. ठिपक्यांच्या चकत्यांमधले आकडे वाचायचे असतात, काम पाच मिनिटांचं. जिल्हा सामान्य रुग्णालयात ती सोय आहे, आणि सरकारी रुग्णालयांतलं केसपेपरचं शुल्क २०२३ पासून बंद झालं आहे. सेवाग्रामला कस्तुरबा किंवा सावंगीला विनोबा भावे रुग्णालय जवळ पडत असेल तर तिथं. केंद्रीय दलांत रंगआंधळेपणा चालत नाही, आणि चष्म्याशिवाय दूरची नजर एका डोळ्याची ६/६ व दुसऱ्याची ६/९ लागते. लाल-हिरव्यातला फरक न कळणं मुलांत अगदीच दुर्मीळ नाही, आणि मुलाला स्वतःला ते कळत नाही, कारण त्यानं जग तसंच पाहिलेलं असतं. तीन वर्षं ॲकॅडमीत घालवून वैद्यकीय तपासणीत हे समजलेली मुलं आहेत.

त्याच भेटीत गुडघे आणि पाऊल दाखवून घ्या. उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकतात का, तळव्याला कमान आहे का. पाऊल घरीही पाहता येतं: ओल्या पायानं कोरड्या फरशीवर उभं करा आणि ठसा बघा.

उंचीची घाई नको. चौदाव्या वर्षी १५५ असलेला मुलगा अठराव्या वर्षी १७० ला जाऊ शकतो. पण ‘उंची वाढवण्याची पावडर’ आणि लटकण्याचे पट्टे यांवर एक रुपया घालू नका. तो पैसा अंडी, चणे, शेंगदाणे, दूध यांत जाऊ द्या. जीडी कॉन्स्टेबलला मुलांना १७० आणि मुलींना १५७ लागतात; अनुसूचित जमातीला आणि काही समाजगटांना त्यात सूट आहे.

गोंदण हा नवा घोळ. पुलगावच्या जत्रेत कोपरापासून मनगटापर्यंत वाघ काढून घेतला की केंद्रीय दलाचं दार बंद झालंच म्हणून समजा. तिथं उजव्या, म्हणजे सलामीच्या हातावर गोंदण चालत नाही. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, तेही लहान आणि धार्मिक चिन्ह किंवा नाव एवढंच चालतं. पाचशे रुपयांचं गोंदण काढून टाकायला पुढे काही हजार लागतात.

मैदान

मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. लांब पल्ल्याला २० गुण, बाकी दोन्हीला १५-१५. पूर्ण गुणांसाठी मुलानं १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत आणि गोळा साडेआठ मीटर टाकायला हवा. मुलीला ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंद, १०० मीटर १४ सेकंद, गोळा ६ मीटर.

गोळ्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पैसे आणि खांदे दोन्ही इथंच वाया जातात. पहाटे कुठल्याही भरतीवाल्या पोरांच्या मैदानावर जा. मुलांचा ७.२६० किलोचा गंजलेला गोळा हातोहात फिरत असतो. नववीतला एखादा पोरगा रांगेत उभा असतो, आणि पाळी आली की तो गोळा मानेला न टेकवता छातीपाशी धरून, कोपर खाली सोडून, चेंडू फेकावा तसा भिरकावतो. गोळा साडेचार मीटरवर पडतो. पोरगा मनगट चोळत मागे येतो आणि पुन्हा रांगेत. रोज वीस वेळा. या वयात हे करायचं कारणच नाही. ॲथलेटिक्सच्या १८ वर्षांखालील स्पर्धांत मुलांचा गोळा ५ किलोचा आणि मुलींचा ३ किलोचा असतो. शाळेच्या क्रीडा साहित्यात असे गोळे असतात. खेळाच्या शिक्षकांकडून मागून घ्या. गोळा मानेला टेकलेला, कोपर उंच, ताकद मागच्या पायातून: हे हलक्या गोळ्यावर पक्कं झालं की अठराव्या वर्षी जड गोळा सहा महिन्यांत हाती येतो. तेव्हा दोघा-तिघा मित्रांत मिळून एक लोखंडी गोळा घ्या. हजाराच्या आसपास पडतो आणि झिजत नाही.

बूट मात्र दरवर्षी झिजतात. धावायला दीड ते अडीच हजारांचे साधे रनिंग शूज पुरतात. स्पाइक्स अकरावीआधी नकोत. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. एप्रिल-मेमध्ये धावणं उजाडण्याआधी संपलं पाहिजे आणि डांबरावर धावणं टाळलं पाहिजे. जिल्हा क्रीडा संकुल, शाळेचं पटांगण, नाहीतर काळ्या रानातली धुऱ्याची पायवाट. गावातल्या मुलाला ट्रॅक नाही म्हणून हळहळू नये. १६०० मीटर मोजून खुणा केल्या की झालं.

एका गोष्टीबद्दल सक्त इशारा: भरतीच्या आठवड्यात सुई किंवा गोळी देणारे लोक मैदानांभोवती घोटाळतात. राज्यात भरतीच्या मैदानावर उत्तेजकं सापडलेली आहेत. त्यानं नोकरी आणि हृदय दोन्ही जातं. ‘ताकदीचं’ म्हणून कोणी काही दिलं तर मुलानं घरी सांगावं, एवढी मोकळीक घरात असू द्या.

ॲकॅडमी: कधी, कितीला

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की कोचिंग केंद्रानं १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये. प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच. म्हणजे ‘आठवीपासून फाउंडेशन’वाला फलकच या सूचनांच्या उलट आहे. त्याच सूचनांत आणखी एक कामाचं कलम आहे: पूर्ण फी भरून विद्यार्थ्यानं मध्येच सोडलं, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळाली पाहिजे, वसतिगृह आणि मेसची सुद्धा. प्रवेश घेताना पावतीवर फीची फोड लिहून घ्या: शिकवणी इतकी, राहणं इतकं, जेवण इतकं. एकरकमी आकडा लिहिला की परताव्याच्या वेळी ‘ते सगळं शिकवणीचंच होतं’ असं ऐकावं लागतं.

बाजारभाव विचारत गेलं की ढोबळ चित्र असं दिसतं. नुसतं मैदान करून घेणारे महिन्याला पाचशे ते हजार घेतात. मैदान आणि लेखी मिळून हजार ते दोन हजार. निवासी, जेवणासह, सहा ते दहा हजार. नागपूरला गेलं की राहणं-खाणं वाढतं. अभ्यासिकेची खुर्ची महिन्याला पाचशेपासून. यात भाव करता येतो, आणि कापूस विकेपर्यंत हप्ते पाडून घ्या. चांगली ॲकॅडमी ऐकते. जीएसटी १८ टक्के लावला असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक पाहिजे. क्रमांक नसेल तर तो कर नाही, वर्गणी आहे.

माझं मत विचाराल तर बारावीची परीक्षा झाल्यावर आणि भरतीची हालचाल सुरू झाल्यावर सहा-आठ महिने दिवसाची ॲकॅडमी करावी. निवासी फक्त त्या मुलानं करावी, ज्याच्या घरी अभ्यासाला जागा किंवा शांतता नाही. त्याआधी लेखीचा पाया शाळेतच आहे. पाचवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि भरतीचं गणित बहुतांशी त्यापलीकडे जात नाही: शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग. मराठीला मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण एकदा घेतलं की धाकट्या बहिणीपर्यंत पुरतं.

‘अकरावी-बारावीसह भरती’ या पॅकेजकडे जरा रोखून पाहा. वर्षाला लाखाच्या घरातली फी, कॉलेजात नावापुरता प्रवेश आणि दिवसभर ॲकॅडमी असा तो मामला असतो. मुलगा कॉलेजात जात नाही म्हणजे एनसीसीचं सीनिअर युनिट हुकलं, ‘सी’ हुकलं, आणि बारावीचे गुणही घसरले. विकत घेतलेल्या तयारीत फुकटची तयारी गेली.

फलकावरचे चेहरेही तपासा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोचिंग केंद्रांना निवडीची किंवा नोकरीची हमी जाहिरातीत देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापला तर त्यानं कोणता कोर्स, किती काळ केला हे सांगावं लागतं. एकच पोरगा तीन ॲकॅडम्यांच्या फलकांवर हसत असेल, तर त्याला शोधून विचारा. तो बहुधा सेवाग्राम रोडवर एकट्यानंच धावत असायचा.

‘सैनिक’ या नावाचंही तसंच. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, चंद्रपूरचं २०१९ चं. ती केंद्राच्या सोसायटीची. सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षा, फी वर्षाला लाखाच्या पुढे, आणि रोख एनडीएकडे, म्हणजे लष्करी अधिकारी होण्याकडे. राज्याच्या धोरणातल्या अनुदानित सैनिकी शाळा वेगळ्या. आणि नुसता फलकावर ‘डिफेन्स’ लिहिणाऱ्या खासगी संस्था त्याहून वेगळ्या. शिपाई व्हायला यातल्या कशाचीच गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेलेली मुलंच वर्ध्याच्या पोलीस मुख्यालयात परेड करताना दिसतात.

फुकट कोचिंगही आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, मराठा-कुणबींसाठी सारथी, आदिवासींसाठी टीआरटीआय. या संस्था पोलीस-सैन्य भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या जाहिराती काढतात, आणि बऱ्याचदा विद्यावेतनही असतं. मुदत थोडी असते आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला हातात असलेल्याचंच काम होतं. अल्पसंख्याक विभागाचंही असं प्रशिक्षण आहे. नागपूर वर्ध्यापासून ७५ किलोमीटर. गाडीभाड्याचा हिशेब धरूनही हे स्वस्त पडतं.

कागद

भरतीतून मुलं मैदानात जितकी बाद होतात, तितकीच हळहळ कागदांमुळे ऐकू येते. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचा हवा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत त्या आर्थिक वर्षात चालू हवी. जातीच्या दाखल्यावर आडनावातला एक काना कमी आणि आधारवर जास्त, की पडताळणीच्या टेबलावर घाम फुटतो. दहावीच्या सुट्टीत बसून शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, अधिवास यांवरची नावं एका अक्षरानं जुळतात का पाहा. सेतूतून निघणाऱ्या एकेका दाखल्याचं सरकारी शुल्क शंभराच्या आत असतं. त्यावर मागतील तो मध्यस्थाचा मेहनताना. हवं तर द्या, नको तर ‘आपले सरकार’वर स्वतः अर्ज करा. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही. मार्च २०२५ मध्ये महसूल खात्यानं ते पुन्हा स्पष्ट केलं.

खेळाडू आरक्षण ५ टक्के आहे. राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेल्या शालेय खेळाडूनं प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून, म्हणजे नागपूरहून, आधीच पडताळून घ्यावं. जाहिरात आल्यावर तिथं गर्दी होते.

प्रवासाचा खर्चही यात धरा. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळा-कॉलेजला एसटीचा प्रवास मोफत आहे. मुलांना पासात दोन-तृतीयांश सवलत आहे. समुद्रपूर किंवा कारंज्याहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीला वर्ध्यात खोली करून देण्याआधी हा हिशेब मांडा.

अर्जाची फी आणि एक फुकटची महागडी चूक

पोलीस शिपाई भरतीचा अर्ज खुल्या गटाला ४५० रुपये, मागास प्रवर्गाला ३५०. शिपाई, चालक, राज्य राखीव दल, बँडसमन अशा वेगवेगळ्या पदांना वेगळे अर्ज आणि वेगळी फी. पण एकाच पदासाठी दोन जिल्ह्यांत अर्ज करू नका. पैसेही जातात आणि उमेदवारीही. चालकासाठी हलक्या वाहनाचा परवाना आधीच हवा. राज्य राखीव दल फक्त मुलांसाठी, उंची १६८ आणि दौड ५ किलोमीटरची. जीडी कॉन्स्टेबलचा अर्ज १०० रुपये. मुली आणि अनुसूचित जाती-जमातींना तोही माफ. दहावीवर होतो, वय १८ ते २३, आणि आता पेपर मराठीतही देता येतो. एका वर्षात दोन-तीन अर्ज, प्रवास, एक रात्र नागपूर किंवा दुसऱ्या गावी, फोटो-झेरॉक्स मिळून दोन-अडीच हजार धरून चाला. शिपायाची मूळ पगारश्रेणी २१,७०० पासून सुरू होते.

फुकट होणारी पण सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे गुन्हा दाखल होणं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि इथल्या ठाण्यांचं बरंच काम भट्ट्या उद्ध्वस्त करण्यात आणि बाटल्या पकडण्यात जातं. शेजारच्या जिल्ह्यातून दुचाकीच्या डिकीत मित्रासाठी आणलेली एक पेटी १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली नाव चढवते. गणपतीतली मारामारी, इन्स्टाग्रामवर तलवारीसह टाकलेली रील, यांचंही तेच. अठराच्या आत काही झालं असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नं त्यामुळे सहसा पुढे अपात्रता येत नाही, आणि हे पालकांना माहीत असावं. अठरानंतरचं मात्र चारित्र्य पडताळणीत समोर येतं. दाखल असलेला गुन्हा अर्जात लपवला तर निवड होऊनही नोकरी जाते.

दुसरी वाट आणि पैसे परत

शंभरात एक जण लागतो, म्हणजे नव्व्याण्णव लागत नाहीत, आणि हे मुलाला अठराव्या वर्षीच सांगितलेलं बरं. तीन भरत्या किंवा पंचविशी, यातलं जे आधी येईल तिथं थांबायचं, असं घरात ठरवून टाका. त्या काळात पदवी चालू राहिली पाहिजे, कारण उपनिरीक्षकाच्या परीक्षेला पदवी लागते आणि ‘सी’ही त्याच वर्षांत होतं.

वनरक्षक विसरू नका. बोर व्याघ्र प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात आहे. बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, म्हणजे कला शाखेत भूगोल घेतलेली मुलगी पात्र ठरते. दौड मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर. विज्ञानाची आवड असलेल्यांना नागपूरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. आणि होमगार्ड: वय २० पासून, दहावी पास, ड्युटी असेल त्या दिवसाचा भत्ता. तीन वर्षं केली की पोलीस भरतीत ५ टक्के समांतर आरक्षणाचा दरवाजा उघडतो.

ॲकॅडमीनं फसवलं तर काय? इथं पावती कोणाच्या नावाची आहे यावर सगळं अवलंबून असतं. शिक्षणसंस्थेविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मिळणं अवघड आहे, पण कोचिंग केंद्र ही शिक्षणसंस्था नाही असं राष्ट्रीय आयोगानं २०२० मध्ये म्हटलं आहे. ॲकॅडमीची फी शाळा-कॉलेजच्या पावतीवर घ्यायला लावत असतील तर नकार द्या. दोन पावत्या वेगळ्या मागा. शाळेच्या फीसाठी २०११ चा फी नियमन कायदा आणि पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे. ॲकॅडमीसाठी आधी लेखी अर्ज, पोच घेऊन. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाची फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. सोबत पावती, फलकाचा किंवा पत्रकाचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि हजेरीचा पुरावा जोडा. पत्रक टाकून दिलं असेल तर ॲकॅडमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा जुना संदेशही चालतो.